पाठीने लावायचे कपाट

कपाट लावायचे असले की काकी त्याला पाठ देत. दोन्ही दारे जवळ ओढायची, फटीतून लोंबणारा एखादा पदर बोटाने आत सारायचा, मग वळून पाठ टेकायची, टाचा सारवलेल्या जमिनीत रोवायच्या, श्वास धरायचा आणि हात मागे नेऊन न बघता चावी फिरवायची. कुलूप वाजले की श्वास सोडत म्हणायचे, "ऱ्हवला गो बाये!" राहिले, म्हणजे मावले एकदाचे.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात मालवणात आमच्या वाडीत येऊन गेला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. काकींचे माजघर रस्त्यावरून सरळ दिसे, आणि दिवसाढवळ्या दार लावून बसायची पद्धत त्या वाडीत कोणाच्याच घरी नव्हती.

मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा पन्नास साल नुकतेच उलटले होते. माझे माहेर कोल्हापूरचे. फोंडाघाट उतरून खाली आले ती एक ट्रंक, एक वळकटी आणि आवराआवरीचे वेड घेऊन. घडीवर घडी बसली नाही तर मला जेवण जात नाही, असा माझा स्वभाव. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून काकींसाठी मी मास्तरीण झाले. रागावल्या की घाटीण. त्यांच्या आणि आमच्या घरात चिऱ्याचा एक कमरेएवढा गडगा होता, आणि आमचे बहुतेक बोलणे त्या गडग्यावरूनच चाले.

काकी तेव्हा साठीच्या आसपास असतील. काटकुळ्या, जरा वाकलेल्या, अंगावर पांढरे लुगडे, कमरेला चावी. नवरा गलबतावर होता, तो ऐन तारुण्यात गेला. मूलबाळ नाही. मागे राहिले ते घर, चार माड आणि सासऱ्याने गोव्याहून गलबतात घालून आणलेले ते शिसवी कपाट. दाराला आतून आरसा, पायांना डांबर फासलेले, आणि वाळवी चढू नये म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ठेवलेले.

त्या कपाटात काकींचे काहीच नव्हते म्हटले तरी चालेल. वाडीतली घरे मातीच्या भिंतींची. पावसाळ्यात आत ओल अशी धरे, की पेटीतल्या रेशमाला आठवड्यात बुरशी यायची. काकींच्या कपाटात मात्र कपडा कोरडा राहायचा. मग ज्याच्या घरात जपण्यासारखे म्हणून एखादे वस्त्र असेल, तो ते फडक्यात बांधून काकींकडे आणून टाकी. काकींच्या दुसऱ्या बाजूला, तशाच गडग्यापलीकडे राहणाऱ्या माईंचा लग्नातला शालू तिथे होता. मुंबईची नोकरी सुटून आलेल्या कुणाचा लोकरी कोट होता. दशावतारात बाईची सोंगे घेणाऱ्या गड्यांची लुगडी होती. आणि दोन जावांची एक शाल होती. एकीकडे ठेवली तर दुसरीला झोप येत नसे, म्हणून ती काकींकडे. नेणारे कमी आणि ठेवणारे फार, त्यामुळे कपाट फुगत चालले होते.

माझे हात नुसते शिवशिवत. "काकी, एकदा सगळं बाहेर काढू. नको ते देऊन टाकू. कप्पे लावून देते मी," असे मी दर उन्हाळ्यात म्हणे.

"आसांदे गो मास्तरणी. लागतला खंयतरी."

"काकी, या कोटाला एकच बाही आहे!"

"एका हाताक तरी लागतला."

यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार!

पण एका मे महिन्यात काकी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, मी समोर बिया वेगळ्या करत होते, आणि मी पुन्हा तोच विषय काढला. त्या दिवशी काकींनी 'आसांदे' म्हटले नाही. हात लालभडक झालेले, तसेच मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "माझो घोव गेलो तेव्हा माझी लुगडी वाटल्यानी. बाराव्या दिसाक. माका कोणी इचारूक नाय. एक जांभळा होता, माझ्या बापाशीन घेतलेला. पुढच्या वर्साक जत्रेक गेलंय, तर ता एका बायलेच्या अंगार. मी तिच्या मागसून फिरलंय गो सगळी जत्रा. देवाक हात जोडूक पण इसारलंय."

एवढे सांगून त्यांनी पुढचा रातांबा घेतला. मी त्यानंतर कपाट आवरायचे नाव काढले नाही. निदान त्या वर्षी तरी.

माईंची सून सुमन ही अशीच लहान वयात विधवा झाली. नवरा मुंबईला कामाला होता, तिथेच तापाने गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. दिवसकार्य उरकल्यावर माई स्वतः गडग्यापाशी आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. हातात सुमनच्या रंगीत लुगड्यांचे गाठोडे होते.

"काकी, ही वाटून टाक कोणाकय. माझ्या डोळ्यांसमोर नकोत."

"बरा," काकी म्हणाल्या आणि त्यांनी गाठोडे घेतले.

दुसऱ्या दिवशी मी पाहते तो ते गाठोडे कपाटाच्या अगदी तळाशी, बाकी सगळ्यांच्या खाली. मी काकींकडे पाहिले. काकींनी माझ्याकडे पाहिले.

"काकी, हे वाटायचं होतं ना?"

"वाटतंय गो. घाई खंय आसा?"

"कोणाला देणार?"

"जेचा आसा तेका." आणि त्यांनी पाठ देऊन कपाट लावले.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. माई पलीकडच्याच घरात राहायच्या, दिवसातून चारदा काकींकडे यायच्या. कपाट उघडे असले आणि त्या पायरीवर दिसल्या की मी काहीतरी बोलत आडवी जाऊन उभी राही. माई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते. हाताशी आलेला झील, म्हणजे मुलगा, गेला होता, आणि घरात उरली होती त्याची बायको. तिला डोळ्याआड होऊ देणे म्हणजे मुलाला दुसऱ्यांदा घालवणे, असे काहीसे त्यांच्या मनाने घेतले होते. सुमनने विहिरीवर जायचे, आमच्याकडे यायचे, बाकी कुठे नाही. त्यांच्यात पाट लावायची, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न करायची, रीतही नव्हती.

अशी काही वर्षे गेली. सुमन आमच्याकडे पुस्तके न्यायला येई. बोलणे बेताचे. आमच्या ह्यांचे एक मित्र बांद्याला शाळेत शिकवत, ते सुट्टीत आमच्याकडे उतरत. विधुर, मूल नाही, शांत माणूस. त्यांनी सुमनला दोन-तीनदा पाहिले आणि एके दिवशी ह्यांच्याकडे सरळच विचारणा केली. सुमनला मी विचारले तेव्हा ती बराच वेळ गडग्यावरचे वाळके शेवाळ नखाने काढत राहिली आणि मग म्हणाली, "मामाक इचारा." म्हणजे तिची ना नव्हती. आईवडील नव्हते, मामा कुडाळजवळच्या गावात होता. मामा तयार झाला. ठरले असे: मामा येऊन देवाच्या कार्याला म्हणून तिला घेऊन जाणार, तिथून कोल्हापूरला माझ्या भावाच्या घरी लग्न. मी सुट्टीला माहेरी म्हणून आधीच निघणार. माईंना ताकास तूर लागू द्यायची नव्हती. कळले असते तर त्यांनी तिला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू दिले नसते.

आमच्याशिवाय हे फक्त काकींना ठाऊक होते. त्यांनी एकच विचारले, "लगनाक नेसतली काय?"

"नवीन घेऊ की कोल्हापुरात."

"नवा कित्याक? तिचा आसा मां. हिरवा. तिच्या आयेन दिलेला." आणि मग अशा सुरात, की जणू मीच इतकी वर्षे विरोध करत होते, "सांगलेलंय तुका, लागतला म्हणान."

ते हिरवे लुगडे म्हणजे इरकली, लाल काठाचे. पदराजवळ समईने पोळलेला डाग होता, तो हिरव्याच दोऱ्याने रफू केलेला. सुमनच्या आईने दिले आणि वर्षभरात आई गेली. काकी म्हणतात तेच बरोबर होते. पण गाठोडे कपाटाच्या तळाशी होते, आणि ते काढायचे तर आधी सगळे कपाट उपसायला हवे होते. माई झोपलेल्या असतील अशी एखादी दुपार गाठायची, पटकन गाठोडे माझ्या ट्रंकेत घालायचे, असा आमचा बेत होता.

मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, तोंडावर आला होता. मामा परवा येणार, मी उद्या निघणार. जेवणे आटोपून वाडी सामसूम झाल्यावर मी काकींकडे गेले. काकींनी चावी लावली, दार उघडले, तोच पायरीवर माई.

"झोप लागणा नाय. म्हटला शालू उन्हात घालूया, मिरगाआदी," असे म्हणत त्या आत आल्या आणि थबकल्या. त्यांची नजर कपाटामागच्या भिंतीकडे गेली होती. "काकी, ह्या काय गो?"

भिंतीवरून मातीची एक बोटभर रेघ चढत गेली होती आणि थेट कपाटाच्या पाठीत शिरली होती. वाळवी! हातभर अंतरावर ठेवलेले कपाट भिंतीला चिकटले कसे, हे आम्हा तिघींनाही क्षणभर कळेना. मग माझ्या ध्यानात आले. इतकी वर्षे काकी रोज पाठ लावून, टाचा रोवून ते ढकलत होत्या. कपाट भरत गेले तसा जोर वाढत गेला, आणि केसाकेसाने मागे सरकत ते त्यांनी स्वतःच भिंतीला नेऊन टेकवले होते.

"माझो शालू!" माई ओरडल्या. झाले! वाळवी म्हटल्यावर कोण झोपून राहणार? घटकेत वाडीतल्या साऱ्या बायका जमल्या. चौघी-पाचजणींनी कपाट पुढे ओढले. माईंनी गडग्यावरून हाक दिली, "गो सुमन, चटयो घेवन ये बेगीन!" आणि सुमनही चटया घेऊन आली. काकींच्या खळ्यात, म्हणजे समोरच्या अंगणात, उन्हात चटया पसरल्या गेल्या आणि गाठोडी बाहेर येऊ लागली.

एरवी मला याच्यासारखा दुसरा सण नसता. पण त्या दिवशी माझे लक्ष तळाच्या एकाच गाठोड्यावर होते. एकेक गाठोडे सुटत होते. दोन जावा शालीची दोन टोके धरून उभ्या राहिल्या, आधी कोणी झटकायची यावर. एकबाही कोट पाहून बायका हसल्या. मी आत जाऊन एकेक थर काढून देत होते आणि तळाच्या गाठोड्यापाशी आल्यावर मी ते दशावतारवाल्यांच्या लुगड्यांच्या ढिगाऱ्यात खुपसले आणि तो सगळा भारा उचलून शेवटच्या चटईवर, माईंपासून लांब नेऊन टाकला. काकींनी ते पाहिले. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

माईंचा शालू सुखरूप निघाला. तेवढ्याने त्यांनी घरी जावे की नाही! पण ज्या घरी आपला ऐवज सांभाळला गेला तिथे अर्ध्यावर हात झटकून जाणाऱ्या त्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नाटकवाल्यांची पण बघतंय," आणि चटईवर बसून एकेक लुगडे झटकायला लागल्या. मी म्हटले, "राहू दे माई, मी बघते." त्यांनी ऐकले नाही. गाठोड्याची गाठ सुटली. वरच हिरवे होते.

माईंनी ते झटकले नाही. पदर शोधला, रफूवरून अंगठा फिरवला.

"ह्या माझ्या सुनेचा," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ह्याच नेसान ती माझ्या झिलावांगडा उंबरो चढली." मग मान वर करून काकींकडे पाहिले. "तुका वाटूक सांगलेलंय मां? ह्या कोणासाठी ठेवलंस?"

माईंची नजर काकींवरून निघाली ती सावकाश सुमनकडे वळली. सुमन चटई छातीशी धरून उभी होती, तोंडावर रक्ताचा थेंब नाही. आणखी क्षणभर तिच्याकडे पाहिले असते तर माईंना सगळे कळले असते. मामा परवा का येणार, मी उद्या का निघणार, सगळे.

"माझ्यासाठी," काकी म्हणाल्या.

सगळ्या माना वळल्या.

"माका रंगाचो हव्यास गो. आदीपासून. दार लावन नेसतंय, आरशात बघतंय, परत ठेवतंय."

कोणीतरी फस्सकन हसले. कोणी पदर तोंडाला लावला. मी काकींकडे बघतच राहिले. ज्या घराचे दार दिवसा कधी कोणी लागलेले पाहिले नाही, त्या घरातली ही बाई दार लावून हिरवे लुगडे नेसते म्हणून सांगत होती! आणि कोणाला? अख्ख्या वाडीला. विधवेने रंगीत नेसणे म्हणजे तेव्हा काय होते, हे आज सांगूनही पटायचे नाही.

माईंनाही ते पटले नाही. "तू? ह्या वयार?" त्या उठल्या. "खोटा बोलतस. नेसतस तर नेसान दाखव."

काकी पुढे झाल्या. माईंच्या हातातून लुगडे घेतले, घरात गेल्या आणि दार लावले. आतली कडी वाजलेली आम्ही ऐकली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. माडावर कावळा ओरडत होता. कोणी घरी जात नव्हते. मी सुमनच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिच्या हातातली चटई घेतली, तर तिची बोटे सुटेनात.

दार उघडले. काकी पायरी उतरून खळ्याच्या मधोमध उन्हात येऊन उभ्या राहिल्या. नखशिखान्त हिरव्या. डोक्यावरून पदर नेहमीसारखाच, पण लाल काठाचा. निऱ्या अशा बसलेल्या, की इतक्या वर्षांत हात काही विसरला नव्हता हे कोणालाही दिसावे. वाकलेली पाठ त्यांनी त्या दिवशी ताठ केली होती. त्या सुंदर दिसत होत्या, हे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

"बघलास? बघलास मां सगळ्यांनी?"

कोणी हसले नाही आता. माईंनी चटईवरचा शालू उचलला. "तुझ्यार इस्वासान दिलंय मी," त्या म्हणाल्या. "माझ्या झिलाच्या बायलेचा लुगडा! आता ता माझ्या दारात नको. जळांदे तुझ्याच अंगार." शालू छातीशी धरून त्या निघाल्या. "सुमन, चल."

सुमन त्यांच्यामागे गेली. गडग्यापाशी तिने एकदा मागे वळून पाहिले.

मग बाकीच्या. एकेकीने आपापले गाठोडे उचलले. "आमचा पण न्हेतंय हां काकी, आता घरात जागा झाली." "आमची नवी पेटी इली." सगळ्यांच्या घरात एकाच दुपारी जागा झाली होती. उन्हे कलेपर्यंत खळ्यात चटयांशिवाय काही उरले नाही. तो एकबाही कोटसुद्धा कोणीतरी नेला.

मी आत गेले. काकी हिरवे लुगडे नेसूनच रिकाम्या कपाटासमोर बसल्या होत्या. मला वाटले अपमानाने रडत असतील. त्या संतापल्या होत्या, स्वतःवर.

"नास केलंय मी, मास्तरणी."

"अहो, वाचवलंत तिला तुम्ही!"

"लुगड्याचो नास केलंय. माझ्या बोडक्या कपाळाचो वारो लागलो तेका. आता ता चेडू ह्या नेसान लगनाक उभ्या ऱ्हवतला? मी नेसलंय नसतंय तर माई थंयच चुलीत घालतली होती, म्हणान नेसलंय. पण आता ह्या तिका नको. तू नवाच घे."

मी पुष्कळ समजावले. असे काही नसते, म्हटले. कापड ते कापड. त्या नुसती मान हलवत राहिल्या. दुसऱ्याचे असले म्हणणे मी हसण्यावारी नेते, पण काकींचे ते दुःख खरे होते आणि माझ्या कुठल्याही शब्दाने ते हलत नव्हते.

मी निघण्याच्या सकाळी सुमन विहिरीवर भेटली. मी घागर बुडवता बुडवता तिला सांगितले, की काकी लुगडे द्यायला तयार नाहीत, आणि का ते.

सुमनने रहाटाचा दोर हातात धरून ठेवला. "वयनी, माका त्याच होया. काकीक सांगा, धुवू नको. आसा तसा देवक सांगा." घागर डोक्यावर चढवल्यावर ती पुन्हा म्हणाली, "आयेचा होता. आता दोघींचा झाला."

मी तसेच्या तसे जाऊन सांगितले. काकी उठल्या. लुगड्याचे एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे आपण धरले, आणि आम्ही त्याची घडी घातली. माझ्या मनासारखी, काठावर काठ. फडक्यात बांधून त्यांनी ते माझ्याकडे दिले आणि सवयीने कपाट लावायला वळल्या. दारे ओढली, पाठ टेकली, टाचा रोवल्या आणि जोर लावला. आत काही नव्हतेच. रिकामे कपाट धाडकन मागे सरकून भिंतीवर आपटले आणि काकी बदकन खाली बसल्या. मला हसू आवरेना, त्याही हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ काढला नाही.

सुमन कोल्हापुरात त्याच लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. रफू बाहेरच्या बाजूला येऊ दिली तिने मुद्दाम.

मी परतले तेव्हा लग्नाची बातमी पोचून वाडी पेटलेली होती. हिरव्या लुगड्याचा अर्थ आता सगळ्यांना लागला होता. काकींचा जुना कलंक गेला, पण नवा राग त्यापेक्षा मोठा होता. माईंनी काकींशी आणि आमच्याशी बोलणे टाकले. गाठोडी कोणी परत आणली नाहीत. कपाटात काकींची पांढरी लुगडी तेवढी एका कोपऱ्यात, बाकी फळ्या मोकळ्या. इतके आवरलेले कपाट मी जन्मात पाहिले नव्हते, आणि मला ते बघवत नसे. काकी कधी कधी ते उघडून नुसत्याच उभ्या राहत. "वारो खेळता," म्हणत.

पुढे एका वर्षी, पुन्हा मिरगाआधीच, मी काकींच्या पडवीत बसले होते. गडग्याला वळसा घालून माई आल्या. हातात शालूचे गाठोडे. आमच्याकडे न बघता त्यांनी ते जमिनीवर ठेवले.

"घरात ओल येता."

"आसांदे," काकी म्हणाल्या आणि चावी काढली.

माई जायला निघाल्या, पायरीवर थांबल्या. "तिचा काय आयकूक येता?"

"चेडू झाला."

मुलगी झाल्याचे ऐकूनही माई पाठमोऱ्याच उभ्या होत्या. "बरां आसा मां?"

"बरां आसा दोघांय."

माई गेल्या. पावसाच्या आत शालही आली, दशावतारवाल्यांची लुगडीही आली. पाच-सहा वर्षांत कपाट पुन्हा असे फुगले, की काकींना पाठ द्यावी लागू लागली. या खेपेला मात्र मी कपाटामागे चिऱ्याचे दोन दगड रोवून घेतले होते.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी काकी उठल्याच नाहीत. त्यांना घालायला धुतलेले लुगडे हवे म्हणून मी त्यांच्या कमरेची चावी काढून कपाट उघडले, तर वाडीभरची गाठोडी माझ्या अंगावर कोसळली. काकींची स्वतःची दोन लुगडी त्या सगळ्याच्या मागे, विरून पातळ झालेली. त्यातले एक मी दिले. अंघोळ माईंनी घातली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

बाहेर माणसे खोळंबली होती. उघडे कपाट टाकून जाववेना. गाठोडी आत कोंबून मी दारे ओढली, पाठ टेकली, टाचा रोवल्या. लागेना. पुन्हा जोर केला. लागेना. तेवढ्यात ओल्या हातांनी माई आत आल्या. माझ्याकडे पाहिले, वळल्या आणि माझ्या शेजारी त्यांनीही पाठ लावली.

"श्वास धर, घाटणी."

मी हात मागे नेऊन चावी फिरवली. कुलूप वाजले. आम्ही दोघी तशाच टेकून उभ्या राहिलो. त्यानंतर जे म्हणायचे असते, ते म्हणणारे माणूस बाहेर खळ्यात होते.